रक्षा दोन्ही बाजूंनी बोलली

रक्षाला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. श्यामजीपंताच्या तळेगावात ती बोलायला लागली की शेजारच्या बाया हातातलं काम ठेवून कुंपणाशी येत. दहावीला शाळेत पहिली आली आणि जीभ आणखीच सुटली. अकरावीला वर्ध्याला आली, नालवाडीत मुलींच्या वसतिगृहात खाट मिळवली आणि तीन महिन्यांत जिल्ह्याची वादविवाद स्पर्धा खिशात घातली. त्या स्पर्धेत बाजू आपण निवडायची नसते. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जी बाजू, ती आपली. म्हणून रक्षा दोन्ही बाजू तोंडपाठ करून जायची. शेवटच्या फेरीत समोरच्या मुलाला मुद्दाच आठवेना, तेव्हा हिनं जागेवरून त्याला त्याचा मुद्दा सांगितला आणि मग उठून तोच मुद्दा खोडून काढला. परीक्षकांनी कपाळाला हात लावला आणि ढाल हिच्या हातात दिली.

अशी ही रक्षा त्या मंगळवारी दुपारी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, हातात डबा घेऊन, एक शब्द न बोलता उभी होती.

आदल्या दिवशी सकाळी आर्वीला तिची वहिनी प्रेरणा बाळंत झाली होती. पोट फाडून मुलगी काढली. मुलीच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लहानशा संत्र्याएवढी गाठ होती, आणि गाठीवरची कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसावं. आर्वीच्या डॉक्टरांनी ती ओल्या जाळीत गुंडाळून बाळाला ॲम्ब्युलन्सनं वर्ध्याला पाठवलं. सोबत बाळाचा बाप, म्हणजे रक्षाचा दादा प्रफुल, आणि आजोबा पुंडलिकराव. टाके पडलेली प्रेरणा आर्वीलाच राहिली, तिच्याजवळ सासू अनुसयाबाई. प्रेरणाला एवढंच सांगितलं होतं की लेकराला श्वासाचा जरा त्रास आहे, दोन-चार दिवस काचेच्या पेटीत ठेवतील.

"डॉक्टरनं हात टेकले," पुंडलिकराव डबा उघडता उघडता म्हणाले. "परवा घरी नेऊन टाकू. जेवढे दिवस हाये तेवढे."

रक्षानं प्रफुलकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी त्यानंच पुढे ढकलली होती. संत्र्याची तोड सुरू होती, मजूर लागलेले होते, आणि पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ करता करता सातवा महिना उलटला. दोन दिवसांपासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो त्यामुळेच.

डॉक्टर नेमकं काय म्हणाले, असं तिनं विचारलं.

"म्हणे, तुम्ही ठरवा."

"अन् अजून?"

"अजून काय पायजे?"

पुंडलिकरावांच्या हिशेबानं अजून काहीच नको होतं. साठ वर्षांत त्यांनी पुष्कळ दवाखाने पाहिले होते आणि डॉक्टरनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. डॉक्टर सांगतो, आपण करतो. गोळी घ्या म्हटलं की घ्यायची, पाय कापायचा म्हटलं की कापू द्यायचा. एकदाच, त्यांची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा, डॉक्टर जवळ येऊन बसला आणि म्हणाला, आता तुम्ही ठरवा. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्या दिवसापासून त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्या घरात पक्का होऊन बसला होता.

रक्षाच्या घरात होता, रक्षाच्या डोक्यात नव्हता. तिनं प्रफुलच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि बाळांच्या वॉर्डाकडे चालू लागली.

लहान बाळांच्या डॉक्टर सरिता मॅडम वयानं फार नव्हत्या, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. वॉर्डासमोरच्या खोलीत त्यांनी दोघांना बसवलं. रक्षानं दप्तरातून वही काढली तेव्हा त्या जरा हसल्या, आणि मग वही ओढून घेऊन तिच्यातच पाठीच्या कण्याचं चित्र काढायला लागल्या. कणा पोटात असतानाच एके ठिकाणी उघडा राहिला. आतल्या नसा बाहेर आल्या. ऑपरेशन करून पाठ बंद करता येते, पण ते लवकर करायला हवं, नाहीतर जंतू आत जातात. गुरुवारी सकाळी ऑपरेशनची जागा मिळत होती.

"केलं तर बरी होईल?" रक्षानं विचारलं. वाक्य प्रमाण मराठीतलं, स्पर्धेतलं. घाबरली की ती तशी बोलायची.

"पाठ बंद होईल. पाय चालणार नाहीत, असं मला वाटतं. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा नळी घालावी लागेल, आयुष्यभर. डोक्यात पाणी साठलं तर तिथेही एक नळी बसवावी लागेल, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. बुद्धी चांगली असू शकते, अशी पुष्कळ मुलं शाळेत जातात. पण मी हमी देत नाही."

"अन् नाही केलं तर?"

"नाही केलं, तर बहुतेक मुलं फार दिवस काढत नाहीत. आम्ही तिला दुखू देणार नाही, दूध पाजू, जवळ घ्यायला देऊ. तोही एक मार्ग आहे, आणि तो निवडणारे आईबाप वाईट नसतात. मी दोन्ही उत्तरं ऐकली आहेत. दोन्हीकडे लोक रडतच होते."

प्रफुलनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मंग तुम्ही हात टेकले नाई?"

सरिता मॅडमना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. आपण आजोबांना 'तुम्ही ठरवा' म्हणालो ते ठरवण्याजोगं काही आहे म्हणून, त्या म्हणाल्या, आणि आपलं चुकलं, नीट बसून सांगायला हवं होतं. मग त्यांनी एकच विचारलं. बाळाच्या आईला काय काय माहीत आहे?

प्रफुलनं रक्षाकडे पाहिलं, रक्षानं वहीकडे.

"मग ऐका. आई आणि बाबा दोघांशी बोलल्याशिवाय मी ऑपरेशनही होऊ देणार नाही आणि बाळाला घरीही पाठवणार नाही. ती कुठे आहे?"

ती पंचावन्न किलोमीटरवर होती आणि लेकराला श्वासाचा जरा त्रास आहे असं समजून पडली होती.

व्हरांड्यात परत आल्यावर रक्षानं वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. आणि डोकं हलवलं.

"पाय नाई म्हणते ना? मंग झालं."

"पोरगा असता तरी घरी नेला असता का, बाबा?"

हा तिचा हुकमाचा एक्का होता. पण पुंडलिकराव चिडले नाहीत.

"तानबा पोरगाच होता," ते म्हणाले.

तानबाकाका हे नाव रक्षानं ऐकलेलं होतं, एवढंच. ती जन्मायच्या आधीच तो गेला होता. त्या दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर तिनं पहिल्यांदा सगळं ऐकलं. पुंडलिकरावांचा पाठचा भाऊ. कमरेखाली जन्मापासून जीव नाही. अंगणात हातांवर सरकत जायचा. आई होती तोवर आईनं केलं.

"मंग एकोणीस वर्ष म्या केलं. आंघोळ, शी, समदं. पाठीले जखमा पडत. त्या धुताना तो माह्या हाताले चावे. बाहेरगावी जाणं नाई, लग्नाले जाणं नाई. पडलो का एकच इचार, मी आधी मेलो तं ह्याचं कोण? तो गेला तवा मले झोप लागली, रक्षा. भावाच्या मौतीवर झोप लागली. हे पुन्हा माह्या पोराच्या दारात नको."

रक्षाला म्हणायचं होतं की त्याचं तर कुणी ऑपरेशनच केलं नव्हतं, त्याला तर कुणी शाळेतच घातलं नव्हतं. मुद्दे रांगेत उभे होते. पण वडिलांचे हात तिनं पाहिले, ते नुसते मांडीवर पडले होते, आणि तिनं वही मिटून दप्तरात टाकली.

पुंडलिकराव उठताना दोन गोष्टी सांगून गेले. मॅडमसोबत मीच बोलतो, प्रेरणाला इतक्यात काही सांगायचं नाही. टाके ओले आहेत, तिच्या जिवाला काही झालं तर? आणि नाव ठेवायचं नाही. बारसं नाही, कानात काही सांगणं नाही. "नाव ठेवलं का माणूस होते," ते म्हणाले. "मंग सोडता येत नाई."

बाकावर एकटी उरलेली रक्षा त्या शेवटच्या वाक्यापाशी अडकली. कारण नाव ठेवणं हे बापाचं काम नव्हतं, आजोबाचं तर नव्हतंच. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आत्या सहा वर्षांची असली तरी तिला पाटावर बसवतात, साडी देतात, आणि ती जे सांगेल ते नाव घरादाराला चालवून घ्यावं लागतं. आणि नाव सांगायचं तर आत्यानं आधी बाळाच्या आईजवळ बसून दोघींत ठरवायचं, ही तळेगावातली रीत. त्या दोघींच्या मध्ये कुणी येत नाही.

तिनं सरिता मॅडमच्या खोलीत पुन्हा डोकं घातलं आणि आपण उद्या आर्वीला जातोय असं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, जा. बाळाच्या आईनं काही विचारलं तर मला फोन लावून दे. आणि एक लक्षात ठेव, तिचं उत्तर तू ठरवून जाऊ नकोस.

"तुमचं बाळ असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"ते मी कुणालाच सांगत नाही. हे बाळ माझ्या घरी राहणार नाही ना."

बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं रक्षा निघाली. खिडकीबाहेर कपाशी मागे पडत होती आणि ती तोंडातल्या तोंडात भाषण जुळवत होती. ते इतकं छान जुळत होतं की अर्ध्या वाटेत तिला स्वतःचीच भीती वाटली. वहिनीला आपण सहज पटवू. आपल्याला पटवता येतं. पण मग रोज चार-पाच वेळा नळी घालणार कोण? मी तर वसतिगृहात. तिनं वहीतलं एक पान उभं दुमडलं, एका बाजूला बाबांचे मुद्दे लिहिले आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. बाबांची बाजू आधी लिहिली, आणि ती लिहिताना बसच्या हिसक्यांनी जेवढं बिघडलं त्यापेक्षा जास्त अक्षर बिघडलं.

आर्वीच्या दवाखान्यात खोलीच्या दारातच अनुसयाबाई स्टूल टाकून बसल्या होत्या, मांडीवर खिरीचं पातेलं. पोरीला पाहून त्या दचकल्या.

"कालेज सोडून काऊन आली व?"

"नाव इचाराले आली. आत्या हावो ना मी."

अनुसयाबाईंचं तोंड उतरलं. सगळं माहीत असलेल्या त्या बाईला हो म्हणता येईना आणि नाही तर त्याहून म्हणता येईना. नाव विचारायला आलेल्या आत्याला दारातून परत पाठवणारी सासू तळेगावात अजून झाली नव्हती. तेवढ्यात आतून प्रेरणाचा आवाज आला, "रक्षाताई आल्या का? येऊ द्या ना त्यायले." नणंद सात वर्षांनी लहान, तरी प्रेरणा तिला ताईच म्हणायची आणि अहो-जाहोच करायची.

रक्षा आत गेली, खाटेच्या कडेला बसली आणि भाषणाची सुरुवात विसरली.

"वहिनी, तुले खोटं सांगतलं," ती म्हणाली. "श्वास चांगला हाये तिचा. पाठ चांगली नाई."

आणि सांगितलं. वहीतलं मॅडमनी काढलेलं चित्र दाखवलं. प्रेरणानं वही जवळ ओढून चित्र पाहिलं. मग तिनं विचारलं ते एवढंच, "रडते?"

"लय मोठ्यानं. बाकी समदे लेकरं झोपले का हिचं सुरू. सिस्टर म्हणते, भोंगा हाये."

प्रेरणाच्या ओठांची एक कड हलली. तेवढ्यानं रक्षाला धीर आला.

"आता मी दोन्ही बाजू सांगतो. आधी बाबाची. मधात बोलू नको."

ती बाबांच्या बाजूनं बोलली. स्पर्धेत बोलायची तसं हात उडवून नाही, सावकाश. तानबाकाकाच्या पाठीवरच्या जखमा सांगितल्या. हाताला चावणं सांगितलं. एकोणीस वर्षं सांगितली, न गेलेली लग्नं सांगितली, आणि भाऊ गेला त्या रात्री लागलेली झोप सांगितली. आयुष्य लांबवलं म्हणजे चांगलंच केलं असं नसतं, हे सांगितलं. जी पोरगी स्वतः काही सांगू शकत नाही तिच्या अंगावर सुयाच सुया लादण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हेही विचारलं. दारात अनुसयाबाई पदराचा बोळा तोंडावर धरून उभ्या होत्या; चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हे त्यांना कधी इतकं सलग सांगितलं नव्हतं.

मग दुसरी बाजू. तानबाकाकाच्या वेळी जे नव्हतं ते आज आहे. पाठ बंद होते. नळी घालायला घरचं माणूस शिकतं. चाकाची खुर्ची असते, शाळेत उतार असतो, नसला तर भांडून करून घेता येतो. ती तुला ओळखेल, बोलेल, कदाचित माझ्यासारखी डोकंही खाईल. पण हमी कुणी देत नाही, हेही याच बाजूचं आहे.

आणि रक्षा थांबली.

"तुम्ही काय म्हणता?" प्रेरणानं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर तोंडात तयार असून रक्षानं ते गिळलं. डोळ्यांत पाणी आलं इतकं जोर लावून गिळलं.

"मी म्हणत नाई. ही चिठ्ठी तुह्या हातात हाये, वहिनी. तू जे उचलशीन त्या बाजूनं मी भांडीन. घरी न्याचं म्हणशीन तरी."

प्रेरणानं मग तीन प्रश्न विचारले. दुखेल का? रक्षानं मॅडमला फोन लावून दिला; ऑपरेशननंतर काही दिवस दुखेल, त्यावर औषध आहे. मला ओळखेल का? बहुतेक ओळखेल. आणि मी नसले तर तिला कोण उचलेल?

तिसऱ्याला मॅडम म्हणाल्या, हे मला माहीत नाही.

प्रेरणानं फोन परत दिला. वहीतल्या चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "चित्रात नाई कळत. मले ती पाहाची हाये. माह्या बाबाले गाडी घेऊन बोलवा."

तिसऱ्या दिवसाची बाळंतीण. उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही, टाके तर अजून ओलेच. रक्षाला वाटलं आता आई आडवी येईल. अनुसयाबाई आत आल्या, त्यांनी डोळे पुसले, कपाटातलं फडकं काढलं, सुनेच्या कानात कापसाचे बोळे घातले आणि डोक्यावरून हनुवटीखाली फडकं असं करकचून बांधलं की प्रेरणाचे गाल वर आले.

"जाचंच हाये तं कान बांधून जाय," त्या म्हणाल्या. "अन् उशी पोटाशी धर. खड्डा आला का दाबजो."

आर्वीच्या डॉक्टरांनी आधी ठाम नाही म्हटलं, मग टाके तपासले, आणि शेवटी एक सिस्टर सोबत देऊन सोडलं. प्रेरणाचे वडील प्रभाकरराव यांनी गाडी अशी चालवली की मागून आलेला ट्रॅक्टर पुढे निघून गेला. प्रत्येक खड्ड्याला ते लेकीची माफी मागत होते, जणू खड्डे त्यांनीच खणले होते.

वर्ध्याला पोचायला दुपार झाली. बाळांच्या वॉर्डात यशोदा सिस्टरनं प्रेरणाला खुर्चीत बसवून काचेच्या पेटीपाशी नेलं. बाळ पालथं होतं, चेहरा एका बाजूला, मूठ गालाखाली. प्रेरणानं चेहरा नंतर पाहिला. आधी ती जाळी उचलून पाठ दाखवा म्हणाली. सरिता मॅडमनी दाखवली. प्रेरणानं नजर हलवली नाही. मग पायांना बोट लावलं, पाय हलले नाहीत. तिनं पुन्हा लावलं. मग खांद्याला लावलं, आणि बाळानं असा भोंगा सुरू केला की शेजारच्या पेटीतलंही जागं झालं.

"हे तं माह्यावर गेलं," प्रेरणा म्हणाली. तिचे गाल, आधीच फडक्यानं वर आलेले, आणखी वर गेले.

ती पाऊण तास तिथे होती. रक्षा काचेच्या दाराबाहेर उभी होती, आणि तिच्या शेजारी पुंडलिकराव. ते तिच्यावर ओरडले नाहीत. सून आलेली पाहून त्यांना वाटलं होतं, शेवटचं पाहायला आली, पाहू द्यावं.

प्रेरणा बाहेर आली आणि खुर्ची ढकलणाऱ्या प्रफुलला तिनं सासऱ्यांच्या समोर थांबायला सांगितलं. चार वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर फडक्यावरून घसरत होता, तो तिनं राहू दिला.

"मामाजी, एक इचारतो. तानबाकाकाजीले तुम्ही एकोणीस वर्ष धुतलं. हा नसता तं बरं झालं असतं, असं कधी वाटलं?"

पुंडलिकरावांनी इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात माणसं होती.

"वाटलं," ते म्हणाले. "लय वेळा वाटलं."

"त्याले सांगतलं कधी?"

"नाई. त्याले कसं सांगीन?"

"मले बी वाटन कधी कधी. मी बी तिले सांगणार नाई." तिनं खुर्चीचे दांडे धरले. "तुमचं खोटं नाई, मामाजी. रक्षाताईनं समदं सांगतलं, तुमचं आधी सांगतलं. पण मी पाहून आली. मले ती पायजे. पायासकट पायजे. ऑपरेशन करू द्या म्हणून मी तुम्हाले इचारत नाई, सांगून राह्यली. फक्त मी घरात नसली तं तिले उचलणारं एक माणूस मले लागते, तेवढं इचारतो."

पुंडलिकराव प्रफुलकडे वळले आणि एकदम खेकसले, "उभा काय राह्यला? सही करा म्हणते ना ती? पेन घे." आणि सुनेकडे न पाहता, अगदी हळू, "मले येते उचलता. पाठीले हात कसा लावाचा ते लोकायले ठाऊक नसते. मले येते."

कागदावर बाळाच्या नावाच्या जागी प्रेरणाचं बाळ असं लिहिलेलं होतं. प्रेरणानं ते खोडलं. सातव्या महिन्यापासून तिनं एक नाव मनात धरून ठेवलं होतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं रक्षाला खाली वाकायला लावून कानात सांगितलं. रक्षा हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून आत गेली. पाळणा नव्हता, पाट नव्हता, बारशाला अजून नऊ दिवस होते. तिनं पेटीच्या गोल झरोक्यातून तोंड जमेल तेवढं जवळ नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र. वर्षाली." यशोदा सिस्टरनं मागून रीतीप्रमाणे तिच्या पाठीत एक धपाटा घातला, तोही जरा जोरातच.

गुरुवारी सकाळी आठला वर्षालीला आत नेलं आणि साडेअकराला बाहेर आणलं. सरिता मॅडमसोबत ऑपरेशन केलेले सर्जन आले, म्हणाले, पाठ छान बंद झाली. पायांत फरक नाही, तो अपेक्षित नव्हताच. डोक्याचा घेर रोज मोजू. पाच दिवसांनी तो वाढला, दहाव्या दिवशी डोक्यातली नळीही बसली, आणि त्या दोन्ही वेळी प्रफुल व्हरांड्यात बसून राहिला, पण आता जेवून बसला. नळी घालायला यशोदा सिस्टर प्रेरणाला शिकवत असताना पुंडलिकराव मागून वाकून पाहत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, सरा, मी करतो. केलं. सिस्टर म्हणाली, आजोबांचा हात सगळ्यांत हलका आहे. त्यावर अनुसयाबाई म्हणाल्या की घरात ताट उचलताना मात्र हा हात कधी दिसला नाही. रक्षा इतकी हसली की तिला वॉर्डाबाहेर काढावं लागलं.

तेविसाव्या दिवशी ते सगळे तळेगावला निघाले. नेमका बाजाराचा दिवस होता. गाडी फाट्यावरून आत शिरली आणि भाजीच्या पालांमध्ये अडकली. प्रभाकरराव हॉर्न वाजवत राहिले. इकडे वर्षालीला भूक लागली आणि तिनं ती अख्ख्या बाजाराला कळवली. बाया काचेशी आल्या. कुणाला कळलं नव्हतं असं नव्हतंच. गावात चार दिवस आधीच बातमी येऊन बसली होती. एकीनं वाकून, आवाज बारीक करून विचारलं, कसं व लेकरू, काही वावगं आहे म्हणतात.

बाळंतिणीनं लेकरू झाकून न्यायचं असतं. दृष्ट लागते. अनुसयाबाईंनी दुपटं ओढून दिलंसुद्धा. प्रेरणानं ते बाजूला केलं, काच पूर्ण खाली घेतली आणि वर्षालीला छातीशी उभी धरून, अंगडं वर सरकवून, पाठ लोकांकडे केली. टाक्यांची लांब लाल रेघ उन्हात स्पष्ट दिसली.

"पाय हालत नाईत तिचे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रक्षा तिच्या शेजारी बसली होती आणि तिच्याकडे सांगण्यासारखं कितीतरी होतं, पण इतक्या चांगल्या बोलणाऱ्या माणसाच्या मध्ये तिला तोंड घालावंसं वाटलं नाही. "पाठ अशी हाये. नाव वर्षाली. आता पाहून झालं असंन तं सरका जराशा, तिले भूक लागली."

बाया सरकल्या. गाडी पुढे निघाली.